सैरंध्री (१९२०): सरकारने बंद पाडलेलं नाटक आणि पेंटरांचा हरवलेला मूकपट

पट्टीवाचक (धागाकर्ता)

बाबूराव पेंटरांचं नाव निघालं की गाडी थेट 'सावकारी पाश'वर जाऊन थांबते. मला त्याच्या पाच वर्षं मागे जायचंय, त्यांच्या पहिल्या पटाकडे. 'सैरंध्री', महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर. ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्यात आर्यन थिएटरात लागला. आज त्याचं रीळ कुठेही नाही.

कथेचा आधार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध'. नाटक १९०७ चं, गद्य, एकही पद नाही. महाभारतातल्या विराटपर्वातला प्रसंग: अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या घरी राबते, राणीचा भाऊ कीचक तिच्यावर हात टाकतो, कंकभट झालेला धर्मराज "धीर धर" म्हणतो आणि बल्लव झालेला भीम कीचकाला रात्री नृत्यशाळेत गाठून ठार करतो. त्या काळच्या प्रेक्षकाला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. १९०५ ची बंगालची फाळणी ताजी होती. खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले, आणि १९०८ ला टिळक मंडालेला गेल्यावर केसरीची धुरा त्यांच्याच खांद्यावर.

जानेवारी १९१० मध्ये सरकारने प्रयोगांवर बंदी घातली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशकात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला होता, तोही विजयानंद थिएटरात, 'शारदा'च्या प्रयोगाला आलेला असताना. नाट्यगृह या जागेचीच सरकारने धास्ती घेतली असेल तर नवल नाही.

मग दहा वर्षांनी तीच गोष्ट पेंटर पडद्यावर आणतात आणि तिच्यावरही कात्री चालते. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग फार अंगावर येणारा होता, म्हणून तो कापायला लावला.

माझं म्हणणं असं आहे. खाडिलकरांच्या नाटकातला दारूगोळा भाषेत होता. मूकपटात ती भाषा गेली. जाणारच, दुसरा इलाज नव्हता. मागे उरली नुसती शरीरं: राबणारी बाई, माजलेला पुरुष, पैलवान. नाटक अडलं बोलण्यापायी, पट अडला मारण्यापायी. याला आपण नाट्यरूपांतर म्हणायचं की त्याच कथेवरची दुसरीच कलाकृती? मी दुसरीकडे झुकतो. तुमचं काय?

खासबागेतला

झकास धागा. आधी कोल्हापूरकराचं कर्तव्य पार पाडतो, कॅमेऱ्याबद्दल लिहितो.

हा पट ज्या कॅमेऱ्यावर घेतला तो कोल्हापुरात बनवलेला. आनंदराव आणि बाबूराव हे आते-मामेभाऊ, दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. मूळ आडनाव मेस्त्री, 'पेंटर' हे धंद्यावरून चिकटलेलं. सिनेमाचं वेड दोघांना, पण आनंदराव १९१६ ला गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या हाताशी हात लावून कॅमेरा पुरा केला. हेच दामले पुढे प्रभातचे. पैसा कुणाचा? गायिका तानीबाई कागलकरांचा. हे नाव दरवेळी तळटीपेत ढकललं जातं म्हणून मुद्दाम वर लिहिलं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही म्हणता भाषा गेली. अहो, पण जे आलं ते बघा की. पेंटरांनी आयुष्याची सुरुवात केली सपाट कापडावर महाल रंगवून. सिनेमात आल्यावर त्याच माणसाने सपाट पडदे बाजूला सारले आणि घडीव, ज्यात माणूस फिरू शकेल असे सेट उभारले. नाटकात नृत्यशाळा म्हणजे मागचा पडदा आणि पुढे दोन नट. सिनेमात भीमाला दडून बसायला खरा कोपरा मिळाला. त्या कोपऱ्यातून तो उठला असेल तेव्हा काय वाटलं असेल, विचार करा.

ओवीताई

वाचतेय. एका गोष्टीकडे दोघांचंही लक्ष गेलेलं दिसत नाही.

नाटकातली सैरंध्री पुरुष नट करायचा. १९०७ ला दुसरं काही शक्यच नव्हतं. पटातली सैरंध्री बाई होती. गुलाबबाई, पडद्यावरचं नाव कमलादेवी. सोबत अनसूयाबाई, त्यांचं सुशीलादेवी. फाळक्यांना १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, शेवटी साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पुढे 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई आल्या, तरी १९२० मध्येही घरंदाज बाई कॅमेऱ्यापुढे उभी राहत नव्हती. ज्या उभ्या राहिल्या त्यांना नाव बदलून राहावं लागलं.

आता तुमचं ते रूपक घ्या. सैरंध्री म्हणजे देश. पुरुष नट पदर सावरत उभा असतो तेव्हा हे पटकन पटतं, कारण तिथे कुणी खरी बाई नसतेच, कल्पनाच असते. पण पडद्यावर खरी बाई, तिचा खरा हात धरणारा पुरुष, आणि हे सगळं डोळ्यांसमोर दहा फुटांचं. मग ती 'देश' राहते का? मला वाटतं तिथे प्रेक्षकाला कर्झन आठवण्याआधी आपल्या गल्लीतला कुणीतरी आठवला असेल. रूपांतरात सगळ्यात मोठा बदल मला हा वाटतो. भाषा गेली वगैरे नंतर.

पट्टीवाचक

ओवीताई, यावर मला आणखी विचार करायला हवा. पण "देश राहत नाही" हे घाईचं वाटतं. छळ खरा दिसला तर रूपक उलट जास्त झोंबतं, असंही म्हणता येईल.

ओवीताई

म्हणता येईल. पण त्या झोंबण्याचं श्रेय मग गुलाबबाईंचं, खाडिलकरांचं नाही. :)

कायदेपंडित_नाही

बंदीच्या बाजूने थोडं. नाटकावर बंदी आली ती १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली. सिनेमाला वेगळा कायदा झाला १९१८ चा, आणि त्याखाली मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली ती १९२० मध्ये. म्हणजे 'सैरंध्री' अगदी उंबरठ्यावरचा पट आहे. जुना कायदा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही पडद्यावर हलणारा भीम नव्हता, आणि नव्या कायद्याची माणसं नुकती खुर्चीत बसत होती.

आता मला दिसतं ते असं की नाव 'कीचकवध' न ठेवता 'सैरंध्री' ठेवणं ही चलाखी असू शकते. ज्या नावाची सरकारदरबारी फाईल आहे ते नाव कोण कशाला घेईल?

खासबागेतला

याला पुरावा? पेंटरांनी असं कुठे म्हटलंय?

कायदेपंडित_नाही

पुरावा नाही, म्हणूनच "असू शकते" लिहिलं. आणि पुरावा ठेवून चलाखी करतं का कुणी?

खासबागेतला

ही वकिली झाली. मला सरळ कारण पुरेसं वाटतं. कंपनीला बायका मिळाल्या होत्या, आणि पडद्यावर बाई दिसणार हेच जाहिरातीचं भांडवल. मग नाव बाईचं ठेवणार की मेलेल्या कीचकाचं?

निंबोणी

खासबागेतला, +१. गल्ला हे कारण इतिहासात फार कमी वेळा मोजलं जातं.

मद्रासी_मराठी

याच कथेवरचा आणखी एक हरवलेला मूकपट आहे, 'कीचकवधम्'. दक्षिणेतला पहिला कथापट. काढणारे आर. नटराज मुदलियार, मद्रासचे मोटारींच्या धंद्यातले. साल १९१७ की १९१८ यावर अभ्यासक अजून भांडतात. म्हणजे पेंटरांच्या आधीच. खाडिलकरांच्या नाटकाशी त्याचा संबंध जोडू नका, कथा थेट महाभारतातली. पण एक गंमत आहे. मुदलियार कॅमेरा शिकले पुण्यात, स्टुअर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराकडे. आणि हा स्मिथ पूर्वी कर्झनवरच्या माहितीपटाच्या कामावर होता.

कर्झनला कीचक करणारं नाटक पुण्यामुंबईत बंद, आणि कर्झनचं चित्रण करणाऱ्याचा चेला मद्रासेत कीचक मारतोय. कादंबरीत घातलं तर संपादक म्हणेल, फार जुळवून आणलंय.

त्या पटाच्या हिंदी पाट्या देवदास गांधींनी लिहिल्या होत्या, हेही जाता जाता.

पट्टीवाचक

कमाल! पाट्यांचा विषय काढलात ते बरं केलंत. माझ्या "भाषा गेली" या म्हणण्याला कुणीतरी पाट्या दाखवून आडवं येईल असं वाटलंच होतं. मूकपट पूर्ण मुका नसतोच. दृश्याच्या मध्ये पाटी येते, ती वाचता येणारे मोठ्याने वाचतात, पडद्याखाली पेटी-तबला चालू असतो. पण पाटीत मावतात दोन-तीन ओळी. खाडिलकरांची वाक्यं आठवा: एक वाक्य सुरू होतं आणि नटाचा श्वास संपेपर्यंत चालतं. ते पाटीवर घालायचं तर सैरंध्री तिथेच उभी राहायची आणि प्रेक्षक चणे खायला बाहेर जायचा.

कळफिरव्या

तांत्रिक बाजू मी सांगतो.

३५ मिमीच्या एका फुटात सोळा चौकटी. हाताने कळ फिरवायची, सेकंदाला साधारण सोळा चौकटी, म्हणजे सेकंदाला एक फूट. हजार फुटांचं रीळ सोळा-सतरा मिनिटांत संपतं. कळ फिरवणारा थकला की भीम मंदावतो, हुरूप आला की कीचक लवकर मरतो. त्यामुळे मूकपटांची लांबी मिनिटांत सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

आता त्या वधाच्या प्रसंगाकडे जरा जवळून बघू. तेव्हाची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. निळा रंग तिला पांढरा दिसे, लाल तिला काळा. निरभ्र आभाळ पांढरंफेक यायचं. ओठांना लाली लावली तर ओठ काळे. सैरंध्रीचं कुंकू काळं दिसणार. आणि रक्त दाखवलं असेल तर तेही काळं, डांबरासारखं. त्यातून हे सगळं उन्हात चित्रित व्हायचं. प्रकाशाला मऊ करायला वर कापड ताणायचे, तरी उजेड दिवसाचाच. म्हणजे महाभारतातला रात्रीचा, अंधारातला वध पेंटरांना भर उन्हात घ्यावा लागला असणार, आणि तो अंधारातला वाटेल असं करावं लागलं असणार. कृत्रिम प्रकाश त्यांनी पुढे 'सिंहगड'साठी वापरला, १९२३ ला.

विराटपर्वात भीम कीचकाचे हात, पाय, मान धडात कोंबून त्याचा गोळा करतो. सकाळी लोक बघायला येतात तेव्हा हात कुठला, पाय कुठला कळत नाही. नाटकात हे रंगमंचावर कोण दाखवणार? सिनेमात तुकडे जोडता येतात, मध्येच कळ थांबवून नटाच्या जागी बाहुलं ठेवता येतं. पेंटरांनी नेमकं काय केलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण करायला त्यांच्याकडे हत्यारं होती, आणि कात्री लावावी लागली यावरून ती त्यांनी वापरली असं धरायला हरकत नाही.

ओवीताई

काळं कुंकू. हे मला माहीत नव्हतं. फाळक्यांच्या पटांतले सगळे देव काजळ खाल्ल्यासारखे का दिसतात ते आज कळलं.

आर्यनवाला

आमच्या आर्यनचा उल्लेख आला म्हणून लॉगिन झालो. आर्यन म्हणजे गंगाधरपंत पाठकांचं थिएटर, मंडईजवळ. आता तिथे गाड्या लावतात. 'सैरंध्री' तिथे लागला तेव्हा लोकमान्यांनी तो पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' पदवी दिली, हे धाग्यात अजून कसं आलं नाही?

पट्टीवाचक

तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं.

पण त्या प्रसंगाची पार्श्वभूमी बघा. व्हॅलेंटाईन चिरोल या लंडनच्या टाइम्सच्या पत्रकाराने १९१० ला 'इंडियन अनरेस्ट' लिहिलं. टिळकांना हिंदुस्थानातल्या असंतोषाचे जनक म्हणणारं हेच ते पुस्तक. त्यात 'कीचकवध' हा राजद्रोही नाटकाचा नमुना म्हणून आलंय, कीचक कोण आणि भीम कोण यासकट. टिळकांनी चिरोलवर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९ ला हरले. वर्षअखेरीस ते परत आले, आणि दोन-अडीच महिन्यांत आर्यनमध्ये 'सैरंध्री' लागला. ज्या नाटकाचा दाखला देऊन त्यांना आणि त्यांच्या माणसांना झोडपलं गेलं, त्याच गोष्टीचा पट त्यांनी पाहिला. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले.

ती पदवी मला निव्वळ कलेचं कौतुक वाटत नाही. 'केसरी' हे नाव टिळक उगाच कुणाच्या गळ्यात घालणार नाहीत.

कायदेपंडित_नाही

मग वर मी चलाखी म्हटलं तेव्हा सगळे अंगावर का आलात?

पट्टीवाचक

अंगावर खासबागेतले आले. मी शांत होतो.

निंबोणी

मदत हवी. आमच्या आजोळी जुन्या ट्रंकेत 'सैरंध्री'ची पुस्तिका आहे. वर कंपनीचं नाव फाटलंय. आत गाण्यांचे शब्द आहेत. ही तीच का?

कळफिरव्या

गाणी छापलीत म्हणजे बोलपट. प्रभातचा 'सैरंध्री', १९३३, शांतारामबापूंचा. रंगीत करायचा घाट घातला होता, प्रती जर्मनीला करून आणल्या, पण रंग जमले नाहीत. त्याच पटातले फोटो जालावर १९२० चे म्हणून फिरतात, आणि तेच फोटो पुढे लेखांत छापून येतात. ओळखायची सोपी खूण: फोटोत नटी लीला दिसली की १९३३.

पुस्तिका मात्र जपा. तीही सहज मिळत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमट होते.

निंबोणी

धन्यवाद! पिशवीतच होती, आत्ताच काढायला सांगते.

सातवी_चौकट

मला वेगळाच प्रश्न पडतो. 'सैरंध्री' हरवला म्हणतो, म्हणजे नक्की कसा? चोरीला गेला? जळला?

कळफिरव्या

बहुतेक मूकपटांचं जे झालं तेच. तीन-चार गोष्टी एकदम.

एक, फिल्मचा पाया नायट्रेटचा. भयंकर ज्वालाग्राही. पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते, पाण्याखालीही जळत राहते. आणि न जळताही आपोआप कुजते: आधी चिकट होते, मग फेस येतो, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी. आपल्या हवेत तर लवकरच. दुसरं, तिच्यात चांदी असते. 'आलम आरा' आला १९३१ ला, दोन-तीन वर्षांत मूकपटाला काळं कुत्रं विचारेना. मालकाने रिळं वजनावर विकली, घेणाऱ्याने धुऊन चांदी काढली, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या झाल्या. आणि प्रती मुळात मोजक्या, गावोगाव फिरून चाळण झालेल्या.

आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले. आज तीससुद्धा शिल्लक नाहीत, त्यातही बरेच तुकड्यांत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ ला, म्हणजे मूकपटांचा जमाना संपून तीस वर्षं होऊन गेल्यावर. संग्रहालयाच्या पी. के. नायर साहेबांनी दारोदार फिरून जे गोळा केलं तेवढंच. आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेटच्या कोठाराला आग लागली.

खासबागेतला

पेंटरांचा १९२७ चा 'मुरलीवाला' संग्रहालयात आहे. तेवढ्यावर समाधान.

मद्रासी_मराठी

आशा सोडू नका. कलकत्त्याच्या मादन कंपनीचा 'बिल्वमंगल', १९१९ चा, पार गेला असं सगळे धरून चालले होते. पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये त्याचे ५९४ मीटर सापडले. २०१६ मध्ये आपल्याकडे आले, बदल्यात त्यांना 'जमाईबाबू' दिला. मूळ पट बारा हजार फुटांचा, म्हणजे सहावा हिस्सा हाती लागला.

सातवी_चौकट

पण 'सैरंध्री' परदेशी गेला असेल का? मादनकडे जहाजावर माल पाठवायची ऐपत होती. कोल्हापूरची कंपनी?

मद्रासी_मराठी

हा मुद्दा रास्त आहे. शोधायचं तर आपल्याच बाजूला. फिरत्या सिनेमावाल्यांची घरं, संस्थानिकांचे वाडे, जुन्या थिएटरांचे माळे.

कळफिरव्या

आणि डबा सापडलाच कुणाला तर:

फिल्मच्या कडेला बारीक अक्षरं असतात, भिंगाने बघा. 'नायट्रेट' लिहिलेलं असेल तर जवळ काडी, सिगारेट, दिवा काही नको. कोडॅकच्या फिल्मवर त्या काळी कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण असली चिन्हं असायची, त्यावरून कच्ची फिल्म कोणत्या वर्षाची ते कळतं. व्हिनेगरसारखा वास आला तर ती नंतरची, ॲसिटेटची. नायट्रेट कुजताना आंबट नाही, जळजळीत वास येतो. जुन्या प्रोजेक्टरवर चढवून "बघू तरी" अजिबात करू नका. थंड, कोरड्या जागी ठेवून संग्रहालयाला कळवा, लॉ कॉलेज रोडवर आहे.

ओवीताई

पट सापडेल तेव्हा सापडेल. दरम्यान नाटक तर छापील मिळतं ना? मी कालपासून 'कीचकवध' पुन्हा वाचायला घेतलंय, प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारत: यातलं काय कॅमेऱ्यापुढे करता येईल? धर्मराजाचं जवळजवळ काहीच नाही. तो नुसता बोलतो. मूकपटात या माणसाला करायला कामच उरत नाही. भीम मात्र कमी बोलूनही दिसतो. म्हणजे पेंटरांनी काहीही ठरवलेलं नसलं तरी मूकपट आपोआप जहालांच्या बाजूचा होतो!

पट्टीवाचक

ओवीताई, हे माझ्या मूळ लेखापेक्षा जास्त पटलं. म्हणजे भाषा गेली ती मवाळांची गेली.

आर्यनवाला

सेन्सॉरने भीमालाच का कापलं त्याचंही उत्तर मिळालं मग. धर्मराजाला कापून काय मिळणार होतं?

खासबागेतला

ओवीताई, वाचून झालं की त्यातल्या नृत्यशाळेच्या प्रवेशावर वेगळा धागा काढा. इथे पेंटरांच्या रंगवलेल्या पडद्यांचं राहूनच गेलंय, ते मी वेगळं लिहितो.